जात्याला टाकी, इम्प्लांटला खरखर

लोणी काळभोरच्या ज्या घरांत आजीनं जातं ओढलं, तिथं टाकी लावणं म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. दगड झिजून गुळगुळीत झाला की दाणा नुसता घरंगळतो. मग पाथरवट छिन्नी-हातोडी घेऊन बसतो आणि पुन्हा बारीक खाचा पाडतो. दातांच्या इम्प्लांटला, म्हणजे दाताच्या आधारासाठी जबड्याच्या हाडात बसवायच्या स्क्रूला, अशीच टाकी लावावी लागली, फक्त तिथल्या खाचा मायक्रॉनमध्ये मोजतात.

स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनमार्क १९५२ च्या सुमारास सशाच्या हाडातलं रक्ताभिसरण पाहत होते. प्रयोग संपला, पण हाडातलं टायटॅनियमचं उपकरण काही निघेना. हाड त्याला घट्ट धरून बसलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी योस्टा लार्सन या रुग्णाच्या खालच्या जबड्यात ४ स्क्रू बसवले. हे स्क्रू लेथवर कातलेले, त्यामुळे बरेच गुळगुळीत. खालच्या जबड्यात ३ आणि वरच्या जबड्यात ६ महिने थांबूनच दात चढवायचे, अशी त्या पद्धतीची शिस्त होती.

एवढं थांबायचं कशासाठी? स्क्रूसाठी हाडात छिद्र पाडलं की तिथं रक्त गोठतं आणि फायब्रिनचं जाळं विणलं जातं. हाड घडवणाऱ्या पेशी त्या जाळ्यावरून सरकत येतात. गुळगुळीत धातूवरून जाळं सहज सुटतं; मग नवं हाड जुन्या हाडाच्या कडेपासून सावकाश पुढे वाढत येतं. खरखरीत धातूला जाळं पकडून राहतं, पेशी थेट स्क्रूपर्यंत पोचतात आणि हाड धातूवरच धरू लागतं. सगळी किमया या पकडीत आहे.

म्हणून टायटॅनियमवर कठीण कणांचा मारा करून वर आम्लाचा हात फिरवायची रीत आली. आजच्या बहुतेक इम्प्लांटची खरखर १ ते २ मायक्रॉन असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. चांगल्या हाडात अशा इम्प्लांटवर ६ आठवड्यांतही दात चढवता येतो. काही इम्प्लांट तर सलाईनमध्ये बुडवून सीलबंद येतात, म्हणजे हवेतल्या कार्बनचा थर चढून धातू पाणी झटकू लागत नाही. असा स्क्रू छिद्राच्या तोंडाशी टेकवला की रक्त आट्याआट्यांतून आपसूक वर चढताना दिसतं.

मग आणखी खरखरीत का करू नये? हाड खाली सरकून तोच पृष्ठभाग तोंडात उघडा पडला, तर खाचांत जंतूंचा थर बसतो आणि ब्रशनं तो निघता निघत नाही. सिगारेट, मिश्री, वाढलेली साखर हे प्रश्न डॉक्टर शस्त्रक्रियेआधी विचारतात ते याचसाठी. त्यांची उत्तरं लपवू नयेत. हाड आणि हिरडी कशी धरेल, हे त्यावरही ठरतं.

लार्सन यांचे ते कातीव, गुळगुळीत स्क्रू मात्र २००६ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत, ४० हून अधिक वर्षं जागेवर होते.