नग्नता आणि मर्यादा



आजचा विषय उच्चारताच सभेत थोडी चुळबूळ होणार, याची मला कल्पना आहे. नग्नवादी विश्रामस्थान, म्हणजे स्त्रीपुरुष जेथे स्वेच्छेने विवस्त्र राहतात असे स्थान. तेथे प्रथमच जाणाऱ्याच्या मनात काय घडते, हा तो विषय होय. परंतु जयपुरात तो मांडणे मला सोपे वाटते. या शहरात दिगंबर मुनींचा विहार होतो. हाती मोरपिसांची पिच्छी आणि कमंडलू, अंगावर मात्र काहीच नाही, असा साधू रस्त्याने चालतो आणि लोक हात जोडून वाट देतात. नग्नता दिसताच लाज वाटलीच पाहिजे, असा निसर्गनियम असता तर हे घडले नसते.

मात्र येथे घाई करू नये. मुनींची नग्नता हे व्रत आहे. ‘तत्त्वार्थसूत्रा’तील २२ परीषहांमध्ये भूक, तहान, थंडी, उष्णता यांच्याबरोबर नाग्न्याचीही गणना केली आहे. म्हणजे ते सुख नव्हे, सोसावयाची गोष्ट. नग्नवाद्याला उलट ऊन, वारा, पाणी यांचा मोकळा स्पर्श हवा असतो.

ही दुसरी कल्पना सर्वस्वी परदेशी, असे आपण मानतो. पण तिचा एक आरंभ ठाण्यात झाला. १८९१ साली तेथील जिल्हा व सत्र न्यायाधीश चार्ल्स क्रॉफर्ड यांनी ‘फेलोशिप ऑफ द नेकेड ट्रस्ट’ हा संघ स्थापिला. सभासद तिघेच : स्वतः क्रॉफर्ड आणि एका मिशनऱ्याचे दोन मुलगे. सुट्टीत मुंबईजवळच्या तुळशी तलावाकाठी ते विवस्त्र राहत. इंग्लंडमधील लेखक एडवर्ड कार्पेंटर यांना क्रॉफर्ड हे सारे पत्रांतून कळवीत. १८९२ साली त्यांची रत्नागिरीस बदली झाली आणि संघ संपला. ज्याच्या पदाला पोशाखाचा एवढा मान, त्यालाच तो उतरवावासा वाटला, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

आजच्या विश्रामस्थानांत नवख्याला प्रथम भेटतात ते नियम. स्वतःचा टॉवेल अंथरूनच बसावे, परवानगीवाचून छायाचित्र घेऊ नये, कोणाकडे टक लावून पाहू नये. सारे आपल्याकडेच पाहतील, ही त्याची भीती. प्रत्यक्षात त्याला दिसतात सुटलेली पोटे, सुरकुत्या, शस्त्रक्रियेचे व्रण, आणि त्यांची दखलही न घेणारी माणसे. पगडीच्या बांधणीवरून माणसाचा प्रदेश आणि समाज ओळखणाऱ्या या राजस्थानात, पोशाख गेल्यावर काय काय गळून पडते, हे मी वेगळे सांगावयास नको.

तरीही एक प्रश्न उरतो. क्रॉफर्ड यांच्या संघात स्त्री नव्हती. दिगंबर परंपरेतही आर्यिका वस्त्र धारण करतात. आणि आपल्या देशात सूड उगविण्यासाठी स्त्रीला विवस्त्र करून फिरविल्याच्या बातम्या अजूनही वाचाव्या लागतात. तेव्हा नग्नता मुक्त करते, एवढेच म्हणून भागणार नाही. मुनी वस्त्र त्यागतो ते आपल्या निश्चयाने. विश्रामस्थानातला पाहुणा ते उतरवितो आपल्या खुशीने, आणि मनात येईल तेव्हा पुन्हा नेसतो. हा अधिकार जिला नाही, तिच्या बाबतीत तीच नग्नता अत्याचार ठरते.

म्हणून प्रथमच जाणाऱ्याने स्वतःला एकच प्रश्न विचारावा : येथे ‘नको’ म्हणणाऱ्याचा मान राखला जातो का? उत्तर होकारार्थी असेल, तर उरलेला संकोच हळूहळू आपोआप सुटेल.