श्रोत्यांचंही थोडं ऐकू या

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



सिनेमा ही बघायची गोष्ट, पण आपल्याकडे तो ऐकलाही खूप गेला. १ नोव्हेंबर १९६७ रोजी विविध भारतीच्या मुंबई, पुणे, नागपूर केंद्रांवरून जाहिराती सुरू झाल्या. पुढे सत्तरच्या दशकात नव्या चित्रपटांचे पंधरा-पंधरा मिनिटांचे प्रायोजित कार्यक्रम लागायचे. दोन-चार संवाद, गाण्यांचे तुकडे आणि मध्ये अमीन सायानींचा आवाज. आमच्या माहीमला पॅरेडाइज टॉकीज हाकेच्या अंतरावर होती, तरी घरातल्या बायकांना तिथं जाणं ईदेलाच जमायचं. त्यांनी कितीतरी सिनेमे असेच, पोळ्या लाटता लाटता कानांनी पाहिले. १५ ऑगस्ट १९७५ ला 'शोले' आला आणि त्याच्या नुसत्या संवादांची तबकडी निघाली, ती धडाक्यानं खपली. माझा जन्म त्याच दशकातला. गब्बरसिंगचे संवाद आम्हा पोरांना पाठ झाले ते लाउडस्पीकरवरून. पडद्यावर तो भेटला फार नंतर.

म्हणून आज कुणी मोबाइलवर पॉडकास्ट लावून सत्तरच्या दशकातल्या सिनेमांच्या गप्पा ऐकत बसला, तर मला नवल वाटत नाही. नाव नवं, सवय जुनी. आमच्या इमारतीत रविवारी संध्याकाळी सात-आठ जण असा एक कार्यक्रम ऐकायला जमतात. कार्यक्रम अर्ध्या तासाचा, त्यावरची चर्चा दीड तासाची. खरं सांगायचं तर मला त्या चर्चेचीच ओढ जास्त.

त्यात काही मतं ठरलेली असतात. "तेव्हाचे सिनेमे ते सिनेमे! आता काय राहिलंय?" हे मत कमी आणि सुस्कारा जास्त. दुसरे असतात चुका काढणारे. त्यांची थट्टा होते, पण ती माणसं फार उपयोगी. 'शोले'च्या शेवटी पोलीस येतात आणि गब्बरला घेऊन जातात, असं निवेदकानं सांगितलं, तेव्हा गोदीतून निवृत्त झालेले आमचे एक शेजारी लगेच म्हणाले, "हा मुळातला शेवट नव्हेच. मूळ चित्रपटात ठाकूर गब्बरला मारतो. आणीबाणीत सेन्सॉरला ते चाललं नाही." चाचांचं बरोबर होतं. चित्रपट दुरुस्त करून, तो मूळ शेवट जोडून जून २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात दाखवला गेला आणि डिसेंबरात आपल्याकडेही आला. मधली पन्नास वर्षं ही गोष्ट जिवंत राहिली, त्यात अशा सांगणाऱ्यांचाही वाटा आहे.

पण ज्या मतासाठी आज मी बोलायला बसलो, ते आलं तिसऱ्या मजल्यावरच्या एका मुलीकडून. कॉलेजात शिकते. त्या दिवशी 'शोले'तल्या इमामसाहेबांचा विषय होता. आंधळे इमाम, त्यांचा अहमद नोकरीसाठी जबलपूरला निघतो, वाटेत गब्बर त्याला मारतो. घाबरलेलं गाव जय-वीरूला घालवून द्यायला बघतं, आणि मुलाचं प्रेत समोर असताना इमामसाहेबच गावाला धीर देतात. निवेदकाचा गळा दाटून आला होता. आमच्यातल्याही दोघा-तिघांचे डोळे पाणावले.

मुलगी म्हणाली, "चाचा, इमामसाहेब चांगले आहेत हे दाखवायला लेखकांना त्यांचा मुलगाच का मारावा लागला?"

चाचा म्हणाले, "बेटी, तू तेव्हा जन्मलीही नव्हतीस. या प्रसंगाला अख्खं थिएटर रडायचं."

"रडत असेल, चाचा. पण माझा प्रश्न रडून सुटतो का?"

क्षणभर कुणी बोललं नाही. मग शेजारच्या काकूंनी एक गंमत सांगितली. इमाम झालेले ए. के. हंगल काश्मिरी पंडित. अहमद म्हणजे आपला सचिन. त्याला मारणारा गब्बर म्हणजे अमजद खान. आणि हे सगळं लिहिणारे सलीम खान आणि जावेद अख्तर. "बघा," काकू म्हणाल्या, "कोण कुणाचा, हे कुणी विचारलं होतं?"

त्यावरही त्या मुलीनं मान डोलावली आणि म्हणाली, "काकू, काम करताना सगळे मिसळलेले होतेच. पण पडद्यावरचा मुसलमान बघा ना. 'जंजीर'मध्ये पठाण, 'अमर अकबर अँथनी'त कव्वाल, इथे इमाम. आपल्या बाबांसारखा रोज लोकल पकडून कामावर जाणारा, घरीदारी मराठी बोलणारा कुठंय?" चाचांनी 'दीवार'मधल्या रहीमचाचाची आठवण दिली. ७८६ नंबरच्या बिल्ल्याचं महत्त्व सांगणारा, गोदीतला साधा कामगार. तिनं ते लगेच मान्य केलं. पण मोजायला बोटं तरी किती लागतात?

श्रोतेहो, मी मराठीत कविता लिहितो. "उर्दूत का नाही लिहीत?" हा प्रश्न मला तीस वर्षं विचारला जातोय. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. त्याच्या डोळ्यांसमोर १९७७ चा तो जाळीदार कपड्यातला अकबर उभा असतो. तो मलाही आवडतो. पण माझ्या घरात कुणी कव्वाली गात नव्हतं. वडील सकाळी मराठी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचे. त्या मुलीचा प्रश्न मला थेट लागला तो त्यामुळे.

जुन्या सिनेमावर प्रेम असणाऱ्यांनी अशा प्रश्नाला भिऊ नये. "तुला तो काळ काय कळणार" म्हणून दार लावून घेतलं, तर आपल्याकडे फक्त सुस्कारे उरतील. थिएटर रडत होतं, ही चाचांची साक्ष खरी आहे. त्या रडण्यात सगळ्या धर्मांची माणसं होती, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. आणि त्या दुःखाची किंमत दर वेळी कोण मोजतं, हे मुलीनं कानांनी नेमकं हेरलंय. सिनेमाचं खरं मोल कळायला दोघंही हवेत.

त्या रात्री चाचांनीच सुचवलं, पुढच्या रविवारी आपण 'गर्म हवा'वर बोलू. एम. एस. सथ्यूंचा चित्रपट, इस्मत चुगताईंच्या अप्रकाशित कथेवरचा. सेन्सॉरकडे अडकून १९७४ साली लोकांपुढे आला. त्यात बलराज साहनी आग्र्याचे जोड्यांचे कारखानदार सलीम मिर्झा झाले होते. आवाजाचं काम संपवलं आणि एप्रिल १९७३ मध्ये ते गेले, पडद्यावर तो बघायला राहिले नाहीत. मुलीनं हा चित्रपट पाहिलेला नाही. चाचांनी तिला एवढंच सांगितलं, "आधी बघ, मग भांड."

तुम्हीही असं काही ऐकत असाल, तर नुसतं "छान होतं" म्हणून थांबू नका. तो सिनेमा कुठं पाहिलात, शेजारी कोण बसलं होतं, काय भावलं, काय खटकलं, ते सांगा. आणि घरातली लहान मंडळी मध्ये काही विचारू लागली, तर कार्यक्रम थोडा थांबवा. त्यांचं आधी ऐका.