पडदा काळा का पडतो?

भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यात आमचं चिखला गाव. 'मॉईल' कंपनीच्या मँगनीज खाणीमुळे त्याचं नाव बाहेर ठाऊक आहे. मी इथं संगणक शिकवतो. आमच्याकडे नव्या यंत्रांपेक्षा जुनीच जास्त, म्हणून फुकट मिळणारी आणि जुन्या यंत्रावरही चालणारी लिनक्स प्रणाली आमच्या उपयोगाची. तिच्यातल्या एका अडचणीविषयी आज बोलतो.

एका विद्यार्थिनीच्या लॅपटॉपचा पडदा फुटला. नवा बसवणं घरी परवडेना, म्हणून तिनं एक जुना मॉनिटर जोडून काम चालवलं. नोकरभरतीच्या अर्जाची शेवटची तारीख होती आणि नेमकी वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर सुरू राहिला, मॉनिटर बंद पडला. वीज आली, मॉनिटरचा दिवा लागला, पण पडदा काळाच. लॅपटॉप बंद करून पुन्हा लावावा, तर अर्धा भरलेला अर्ज जाणार!

असं का होतं? एचडीएमआय केबलच्या टोकाला १९ पिना असतात. त्यांतली १९वी 'मॉनिटर आला हो' एवढाच निरोप लॅपटॉपला देते. मग मॉनिटर आपली ओळख, म्हणजे नाव आणि चित्राचा आकार, १२८ बाइटांच्या तुकड्यांत सांगतो. ती वाचून लिनक्स चित्र पाठवते. निरोप चुकला किंवा ओळख अर्धवट वाचली गेली, की चित्र येत नाही. जुन्या व्हीजीए केबलीत तर निरोपाची वेगळी पिनच नाही. तिथं लिनक्सला अधूनमधून स्वतः चौकशी करावी लागते.

आता उपाय, सोप्यापासून सुरुवात करू. आधी मॉनिटरच्या बटणांवरून योग्य इनपुट निवडलंय का ते पाहा. केबल काढून दहा सेकंदांनी घट्ट बसवा. तरी जमलं नाही, तर विंडोजच्या चिन्हाचं बटण धरून 'पी' दाबा. बऱ्याच लिनक्समध्ये यानं पडद्यांची मांडणी बदलते. तेही फसलं, तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबा. नुसत्या अक्षरांचा पडदा येईल. मग त्याच रीतीनं एफ१, एफ२ किंवा एफ७ वापरून परत या. या जाण्यायेण्यात लिनक्स पडदा नव्यानं मांडते. चालू असलेलं काम जागेवरच राहतं. त्या मुलीचा पडदा असाच उजळला आणि अर्ज वेळेत गेला.

एक सूचना. लॅपटॉपचं झाकण मिटून काम करत असाल, तर मॉनिटर बंद होताच लॅपटॉप झोपी गेलेला असू शकतो. झाकण उघडा, एखादं बटण दाबा, थोडं थांबा. आणि हे रोजचंच झालं, तर दुसरी केबल लावून पाहा. केबलच खराब असते, असं पुष्कळदा आढळतं.

लिनक्सचे धडे मराठीतही मिळतात. मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पानं ते फुकट उपलब्ध केले आहेत. खेड्यातल्या मुलामुलींना दुरुस्तीसाठी दरवेळी तालुक्याला जाणं जमत नाही. पडदा काळा पडला तरी आतलं यंत्र चालूच असतं, एवढं ठाऊक असलं की बंद करण्याचं बटण दाबण्याआधी हात थोडा थांबतो, आणि तासाभराचं काम वाचतं.