दिवाडीला मुक्काम करताना

गोव्यात बेटावरच राहायचं असेल, तर दिवाडी बघा. डिचोली तालुक्यातल्या नार्व्याहून फेरीबोटीनं नदी ओलांडली की बेट लागतं. नार्व्यात सप्तकोटेश्वराचं दर्शन घ्या. मूळ दिवाडीच्या या देवाचं देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये पुन्हा उभारलं.

खोली ठरवताना स्विमिंग पूलचे फोटो नंतर बघा. आधी फोन करून विचारा: धक्क्यापासून हॉटेल किती लांब? शेवटची फेरी कितीला? रात्रीचं जेवण तिथंच मिळेल ना? फेरी चुकली, तर बुकिंग बेटावर आणि तुम्ही धक्क्यावर!

दिवाडी नदीतलं बेट आहे, पुळण तिथं नाही. ती हवी तर पेडण्यात मोरजी, मांद्रे गाठा. मोपा विमानतळही त्याच तालुक्यात. मोरजीच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात कासवं अंडी घालायला येतात. त्यामुळे रात्रभर गाणी-दिवे हवे असणाऱ्यांनी दुसरा किनारा शोधलेला बरा.