हौशी आणि व्यावसायिक : एकाच टेबलावर

(हिंगोली जिल्ह्यातील क्रीडाशिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेले भाषण)



ग्रामीण क्रीडास्पर्धांविषयी बोलण्यासाठी मी उभा आहे आणि उदाहरण मात्र स्नूकरचे घेणार आहे, याचे आपणांस नवल वाटेल. बारा फूट लांब व सहा फूट रुंद टेबल, त्यावर हिरवे कापड, बावीस चेंडू आणि खेळाडूच्या हाती लांब काठी, असा हा खेळ आपल्या वसमत-कळमनुरीच्या शिवारातला नव्हे. परंतु जो प्रश्न आपल्या गावोगावच्या स्पर्धांपुढे उभा आहे, तोच याही खेळापुढे होता. खेळावर उपजीविका करणारा आणि केवळ हौसेने खेळणारा, या दोघांना एकाच स्पर्धेत उतरवावे काय, हा तो प्रश्न होय.

या खेळाचा जन्म आपल्याच देशातला. १८७५ साली जबलपूरच्या छावणीत नेव्हिल चेंबरलेन या तरुण लष्करी अधिकाऱ्याने बिलियर्ड्सच्या टेबलावर रंगीत चेंडू वाढवून तो सिद्ध केला. पुढे १८८२ मध्ये उटकमंडच्या क्लबात त्याचे नियम लावण्यात आले. ‘स्नूकर’ हा शब्द मुळात लष्करी विद्यालयातील नवशिक्या छात्राला लावीत. सोपा चेंडू चुकलेल्या सोबत्याला चेंबरलेनने थट्टेने ‘स्नूकर’ म्हटले आणि लगेच, ‘या खेळात आपण सारेच नवशिके आहोत’ अशी पुस्ती जोडली, अशी हकीकत सांगतात. खेळाच्या नावातच नवशिक्याला स्थान आहे, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते.

तथापि पुढे वाटा वेगळ्या झाल्या. व्यावसायिकांची जागतिक स्पर्धा १९२७ मध्ये सुरू झाली; हौशी खेळाडूंची जागतिक स्नूकर स्पर्धा १९६३ मध्ये कलकत्त्यास प्रथम भरली. भारताचे यश दीर्घकाळ हौशी विभागातले होते. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ आणि १९६४ मध्ये बिलियर्ड्सचे जागतिक हौशी अजिंक्यपद मिळविले. १९८४ मध्ये डब्लिन येथे ओम अगरवाल हे स्नूकरचे जागतिक हौशी विजेते ठरले. व्यावसायिकांच्या पंक्तीला बसण्याची संधी मात्र आपल्या खेळाडूंना क्वचितच लाभे.

ही संधी २०१३ च्या ऑक्टोबरात दिल्लीस चालून आली. व्यावसायिकांच्या मानांकन मालिकेतील स्पर्धा प्रथमच भारतात भरली आणि स्थानिक हौशी खेळाडूंनाही तीत निमंत्रणाने प्रवेश मिळाला. मुंबईचा आदित्य मेहता त्या वेळी स्वतः व्यावसायिक झाला होता. परंतु त्याआधीच्याच वर्षी, २०१२ मध्ये, तो आशियाई हौशी विजेता होता. त्याने उपांत्य फेरीत स्कॉटलंडच्या स्टीफन मॅग्वायरला ४-३ असे नमविले. अंतिम सामन्यात चीनच्या डिंग जुनहुईने त्याचा ५-० असा पाडाव केला. मानांकन स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचलेला तो पहिला भारतीय. हौशी स्पर्धांत घडलेला खेळाडू कोठवर जाऊ शकतो आणि त्याला अजून किती मजल मारावयाची आहे, या दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात दिसल्या. पुढे ही स्पर्धा २०१५ मध्ये मुंबईस आणि २०१६ मध्ये हैदराबादेसही झाली.

आता आपल्या गावाकडे वळू. खुल्या कबड्डी स्पर्धेला मोठे बक्षीस जाहीर होते, बाहेरून कसलेले खेळाडू आणले जातात आणि ज्यांच्या वर्गणीवर मैदान आखले गेले, त्या गावची मुले दोरीबाहेर बसून टाळ्या वाजवितात. ही तक्रार खरी आहे. परंतु बाहेरच्यांना मज्जाव करणे हा त्यावरील उपाय नव्हे. आपल्याहून सरस माणसाशी गाठ पडल्यावाचून आपले उणे कळत नाही. प्रश्न प्रवेशाचा नसून व्यवस्थेचा आहे.

स्नूकरमध्ये या व्यवस्थेच्या तीन युक्त्या आढळतात. पहिली, स्थानिकांसाठी काही जागा राखून ठेवण्याची. दुसरी, आरंभीचे सामने आटोपशीर ठेवण्याची. जागतिक अजिंक्यपदाचा अंतिम सामना जिंकण्यास अठरा डाव जिंकावे लागतात. दिल्लीच्या उपांत्य फेरीत चार पुरले. सामना जितका लांबेल, तितके अनुभवी खेळाडूचे पारडे जड होते. आखूड सामन्यात नवख्यालाही आशा राहते. तिसरी युक्ती क्लबांतील स्पर्धांची : दुबळ्या खेळाडूला प्रारंभीच काही गुण देऊन दोघांतील अंतर कमी करावयाचे. यात दयाबुद्धी नाही. सामना शेवटपर्यंत सामना राहावा, एवढाच हेतू.

आपल्या जत्रांतील कुस्त्यांनी हे शहाणपण फार पूर्वी ओळखले होते. फड सुरू होतो तो बालमल्लांच्या रेवड्यांवरील कुस्त्यांनी आणि शेवट होतो मानाच्या कुस्तीने. जाणती मंडळी वय, वजन आणि तयारी पाहून जोड लावतात. एकाच लाल मातीत गावचा पोर आणि नावाजलेला मल्ल असे दोघेही उतरतात, परंतु पोराची जोड मल्लाशी लावली जात नाही.

म्हणून माझी विनंती अशी. ग्रामपंचायतीने स्पर्धा भरविताना प्रवेशाचे नियम व बक्षिसाची रक्कम आगाऊ फलकावर लावावी. निम्म्या जागा तालुक्यातील संघांसाठी ठेवाव्यात. गावच्या संघांच्या पहिल्या फेऱ्या आपापसांत खेळवून त्यातील विजेत्यांची गाठ नामवंतांशी घालावी. आणि मानधन घेऊन येणाऱ्या खेळाडूने दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या मैदानावर तासभर मुलांना शिकवावे, अशी अट आधीच ठरवून घ्यावी. या शेवटच्या अटीला वेगळा खर्च नाही. क्रीडाशिक्षकांनी पुढाकार मात्र घेतला पाहिजे.

स्पर्धा संपली की मंडप उतरतो, बक्षीस विजेत्यांबरोबर गावाबाहेर जाते. त्यानंतर गावात काय उरते, यावरून त्या स्पर्धेचे मोल ठरवावे. आठ-दहा मुले जरी दुसऱ्या दिवशी नवा डाव घोटवीत मैदानावर दिसली, तरी पंचायतीचा पैसा सत्कारणी लागला, असे मी समजेन.