यादीत नाव नसलेला खेळाडू
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात विद्यार्थी-गुणगौरवप्रसंगी केलेले भाषण)



आज ज्या मुलामुलींचा सत्कार झाला, त्यांचे मी मनःपूर्वक अभिनंदन करतो. परंतु ज्यांचे नाव यादीत आले नाही अशी मुलेही मागील रांगांत बसलेली मला दिसत आहेत. शिक्षकाच्या पेशात माझा अधिक संबंध अशाच मुलांशी आला. तेव्हा माझे आजचे बोलणे मुख्यतः त्यांच्याशी व त्यांच्या आईवडिलांशी आहे.

फुटबॉलच्या खेळात, देशाच्या संघात कधी स्थान न मिळालेला, पण आपल्या गावच्या क्लबासाठी वर्षानुवर्षे गोल करीत राहिलेला आघाडीचा खेळाडू त्या गावाला फार प्रिय असतो. आपल्या मुंबईत अशा निष्ठेचे उदाहरण शोधू गेल्यास क्रिकेटच्या मैदानाकडे वळावे लागते. आणि तेथे प्रथम आठवतात ते कै. पद्माकर शिवलकर.

१४ सप्टेंबर १९४० रोजी मुंबईत जन्मलेले शिवलकर डावखुरे फिरकी गोलंदाज होते. शिवाजी पार्क जिमखान्याकडून ते खेळत. प्रथम श्रेणीच्या १२४ सामन्यांत त्यांनी ५८९ बळी मिळविले. १९७२-७३ च्या हंगामातील रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात मद्रासच्या चेपॉक मैदानावर मुंबईचे दोन डाव १५१ व ११३ धावांत आटोपले होते. तरीही मुंबई जिंकली; कारण शिवलकरांनी पहिल्या डावात १६ धावांत ८ व दुसऱ्या डावात १८ धावांत ५ बळी घेतले, आणि तामिळनाडूचा संघ ८० व ६१ धावांत गारद झाला. मुंबईचे ते सलग पंधरावे अजिंक्यपद होते.

एवढे करूनही या गृहस्थांना भारताकडून एकही अधिकृत कसोटी सामना खेळावयास मिळाला नाही. त्यांच्याच पद्धतीचे गोलंदाज बिशनसिंग बेदी यांनी १९६६ साली कसोटीत पदार्पण केले आणि पुढे ६७ कसोटींत २६६ बळी घेतले. जागा एक आणि लायक माणसे दोन, असा हा प्रसंग होता. हरियाणाचे राजिंदर गोयल यांचीही हीच कथा. रणजी सामन्यांत ६३७ बळी घेऊनही त्यांना कसोटीचे दार उघडले नाही.

या गोष्टीचे शिवलकरांना दुःख झाले नसेल, असे मी म्हणणार नाही. आपल्या आत्मचरित्रास त्यांनी ‘हा चेंडू दैवगतीचा’ असे नाव दिले, यातच सर्व काही आले. परंतु दुःख झाले म्हणून त्यांनी चेंडू खाली ठेवला नाही. १९८७-८८ साली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, मुंबईने बोलाविले तेव्हा ते पुन्हा मैदानात उतरले. ज्या वयात आपल्यापैकी पुष्कळांना स्टेशनचा जिना चढताना दम लागतो, त्या वयात!

अशा माणसाची दखल कोणी घेतली? सुनील गावसकरांनी आपल्या आवडत्या खेळाडूंवर जे पुस्तक लिहिले, त्यात शिवलकर व गोयल या दोघांनाही स्थान दिले. २०१७ साली क्रिकेट नियामक मंडळाने दोघांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. गोयल २०२० मध्ये गेले. शिवलकर ३ मार्च २०२५ रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी निवर्तले.

पालकांना माझी एक विनंती आहे. आज घरी गेल्यावर “तुझे नाव का पुकारले नाही?” असे मुलाला विचारू नका. “तू मनापासून काय करतोस?” असे विचारा, आणि तो सांगेल ते ऐकून घ्या. वर्गात पहिला क्रमांक एकालाच मिळतो. म्हणून बाकीच्या मुलांचे कष्ट वाया जात नाहीत. मात्र कष्ट करीत राहण्यास घरातून कोणीतरी धीर द्यावा लागतो.

आणि मंडळालाही एक सूचना करतो. गुणवंतांची छायाचित्रे स्मरणिकेत जरूर छापावीत. परंतु यादीत न आलेले, तरीही आपले काम न सोडणारे एखादे मूल, एखादा वडीलधारा कामगार, एखादी माउली यांच्यासाठी पुढील वर्षीपासून एक पान राखून ठेवावे. त्यासाठी माहिती गोळा करण्याचे काम मी आनंदाने करीन.