घराचा हिशोब कोणाच्या नावावर?

(हैदराबादमध्ये शिकणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्या पहिल्या पिढीतल्या पदवीधरांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर.)



मला 'नोकरी आणि करिअर' या विषयावर बोलायला सांगितलं होतं. सतरा वर्षं मी बँकेत आहे, त्यामुळे परीक्षा, मुलाखत, बढती, बदली यावर तासभर बोलता येईल. पण अशा कार्यक्रमांत माझा अनुभव असा आहे की, सभागृहात विचारलेले प्रश्न परीक्षेचे असतात आणि नंतर चहाच्या वेळी बाजूला घेऊन विचारलेले प्रश्न घरचे असतात. "ताई, पगारातले किती पैसे घरी पाठवायचे?" "घरी फोन केला की जेवलीस का, पाऊस आहे का, यापुढे बोलणंच सरकत नाही." "बाबा म्हणतात यंदा लग्न झालंच पाहिजे, आणि मला पीएचडी करायची आहे." आज मी या चहाच्या वेळच्या प्रश्नांवरच बोलणार आहे.

माझं घर नांदेडचं. बाबा मोंढ्यात हमाल होते. पोत्यांच्या ओझ्याने त्यांची मान एका बाजूला कायमची झुकली होती. माय लोकांच्या घरी धुणीभांडी करायची. मी आणि माझ्याहून तीन वर्षांनी मोठा दादा. १९९८ साली दादा दहावी पास झाला, फर्स्ट क्लासमध्ये. त्याच उन्हाळ्यात बाबांच्या कमरेने दगा दिला. दादा आधी एका गॅरेजमध्ये लागला, मग ऑटो चालवू लागला. मी शाळेतच राहिले. दोघांपैकी एकालाच शिकवणं परवडणार होतं, आणि माझ्या मायने लावून धरलं की पोरीला काढायचं नाही. आपल्याकडे बहुतेक घरांत हा निर्णय उलटा होतो. इथे बसलेल्या अनेक मुलांच्या पदवीमागे शाळा सोडलेली एखादी बहीण असेल.

२००८ साली मला पहिला पगार मिळाला, हातात अकरा हजारांच्या आसपास. त्या महिन्याचा हिशोब मला तोंडपाठ आहे. तीन हजार बाबांच्या ऑपरेशनसाठी घेतलेल्या व्याजाच्या पैशांना. दोन हजार घरखर्चाला. पंधराशे दादाच्या ऑटोच्या हप्त्याला. हजार रुपये आत्याच्या मुलाच्या कॉलेजच्या फीला. उरलेल्यात माझं भाडं, खाणावळ आणि बस.

आता माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्याचा हिशोब बघा. पगार तोच. त्याच्या वडिलांना पेन्शन होती. गावाकडे बारा एकर बागायत होती. शहरात मामाचा फ्लॅट होता, म्हणून भाडं नव्हतं. त्याने पहिल्या पगारात आईला साडी घेतली आणि मोटरसायकल बुक केली. तो घरी फोन करायचा तेव्हा पैशाचा विषयच निघायचा नाही. माझ्या घरचा फोन आला की पहिल्या दोन मिनिटांत निघायचा. मग ऑफिसात कोणीतरी म्हणायचं, "तुमच्याकडे नातेवाईक फार पैसे मागतात बाई."

या वाक्यात जे लपलंय ते आपण नीट बघितलं पाहिजे. त्याच्या घरी पेन्शन, जमीन, ओळखीपाळखी आणि शिल्लक ही चार वेगवेगळी खाती चार वेगवेगळी कामं करत होती. आमच्या घरी ती चारही कामं एकटा माझा पगार करत होता. तोच बाबांची पेन्शन, तोच दवाखान्याचा विमा, तोच बँकेचं कर्ज आणि तोच पोरांची स्कॉलरशिप. जमीन कोणाला मिळाली आणि कोणाला मिळाली नाही, पक्की नोकरी कोणाच्या वाट्याला आली आणि हमाली कोणाच्या, हे जातीने ठरवलं. पण त्याची वसुली होते ती आईच्या आणि मुलीच्या फोनवर. आपल्याला वाटतं माय सारखी मागते. मायला वाटतं पोरगी शिकली आणि तुटली. राग खरा असतो, फक्त चुकीच्या माणसावर निघतो.

ही गोष्ट आपल्या घरांत नवी नाही. बाबासाहेबांचं शिक्षण आपण सगळे अभिमानाने सांगतो. १९०७ ला मॅट्रिक, १९१२ ला बी.ए., १९१३ ला कोलंबिया. पण सुभेदार रामजींना दोन्ही मुलांचं शिक्षण झेपेना, तेव्हा थोरल्या आनंदरावांचं शिक्षण थांबवून त्यांना नोकरीला लावावं लागलं होतं. पुस्तकांसाठी पैसे नसले की रामजी आपल्या लग्न झालेल्या मुलींकडे जाऊन त्यांचे दागिने मागून आणत आणि गहाण ठेवत. बाबासाहेब परदेशात असताना परळच्या चाळीत घर ओढलं ते रमाईंनी. पाच लेकरांतली चार लेकरं गेली. १९३५ च्या मे महिन्यात रमाई गेल्या आणि १९४० साली आलेला 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीला अर्पण केला. एका माणसाच्या पदव्यांमागे भावाची शाळा, बहिणींचे दागिने आणि बायकोचं आयुष्य होतं. हे सांगितल्याने बाबासाहेब लहान होत नाहीत. उलट आपल्याला कळतं की पदवी एकाच्या नावावर छापली जात असली, तरी तिची किंमत सगळ्या घराने मोजलेली असते.

आता लग्नाकडे येते, कारण नात्यांवरचा सगळ्यात मोठा दाब तिथे येतो.

मी बौद्ध. माझे जोडीदार मातंग समाजाचे. सरकारदरबारी आम्ही दोघंही अनुसूचित जातीचे. आंतरजातीय विवाहाला प्रोत्साहन देणारी केंद्राची जी योजना आहे, तिच्यात एक जण अनुसूचित जातीचा आणि दुसरा त्याबाहेरचा असावा लागतो, म्हणून आम्ही तिच्यात बसतसुद्धा नाही. कागदावर आमच्यात अंतर नाही. पण २०१४ साली मी घरी सांगितलं तेव्हा कळलं की दोन वस्त्यांमधला तो पंधरा फुटांचा रस्ता किती रुंद आहे.

माय रडली. बाबा गप्प राहिले. दादा बोलला, आणि तो जे बोलला ते मी आजही विसरले नाही. तो म्हणाला, "तू शिकलीस, तू शहरात राहशील. मला इथंच राहायचंय. माझ्या दोन पोरी आहेत. उद्या त्यांना कोण करून घेईल?" तेव्हा थोरली सात वर्षांची होती आणि धाकटी चार वर्षांची.

लक्षात घ्या, दादा जातीचा अभिमान सांगत नव्हता, भीती सांगत होता. १९१६ साली कोलंबियात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी मांडलं होतं की जातीतल्या जातीत लग्न लावणं, हाच जात टिकवण्याचा मार्ग आहे. आमच्या घरात मी तो मार्ग चालताना पाहिला. त्याला पहारेकरी लागत नाहीत. तो बापाच्या मनातल्या लेकीच्या काळजीवर चालतो. सासरीही तेच झालं. सासूबाई म्हणाल्या, "ती माणसं आपल्याला कमी लेखतात, आपल्या पोराला मान मिळणार नाही." त्याही खोटं बोलत नव्हत्या. आमच्या नात्यातल्या काही जणांनी ते खरं करून दाखवलं.

इथे तेलंगणातले मित्र आहेत, त्यांना माला आणि मादिगा यांच्यातलं अंतर समजावून सांगायची गरज नाही. उत्तर प्रदेशातल्या मित्रांना जाटव आणि वाल्मीकी यांच्यातलं. उपवर्गीकरणावर २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आल्यापासून आपल्या ग्रुपांवर रोज वाद आहेत. तुमचं मत काहीही असो, तो वाद आरक्षणाचा आहे. कोणाच्या घरी जेवायचं आणि कोणाशी लग्न करायचं, याचा निकाल कोर्टाने दिलेला नाही. तो आपल्या हातात आहे.

आम्ही विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी केली. १९५४ च्या या कायद्यात नोटीस दिल्यानंतर तीस दिवस थांबावं लागतं आणि ती नोटीस कार्यालयात लावली जाते. हरकत घेता येते, पण ती वय, आधीचं लग्न, मानसिक स्थिती, निषिद्ध नातं अशा कायद्यात दिलेल्या कारणांवरच. जात हे हरकतीचं कारण नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण त्या तीस दिवसांत घाबरून माघार घेतलेली पोरं मी पाहिली आहेत. तीन साक्षीदार लागतात. आमचे तिघेही बँकेतले होते. घरचं कोणीही आलं नाही.

दोन वर्षं दादाने माझ्याशी बोलणं टाकलं. मी दर महिन्याला पैसे पाठवत राहिले आणि माय ते घेईना. म्हणायची, "लग्न झालेल्या लेकीच्या पैशावर जगायचं व्हय?" गंमत बघा. लग्नाच्या आधी तोच पगार घराचा होता, लग्नानंतर तो परक्याचा झाला. कायदा असं म्हणत नाही. लग्न झालेल्या मुलीवरही आईवडिलांच्या पोटगीची जबाबदारी येते, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८७ सालीच सांगितलं आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यातही मुलगा आणि मुलगी असा फरक नाही. मी मायला कलम सांगत बसले नाही. एवढंच म्हणाले, "माय, तू मला शाळेतून काढलं नाहीस, तेव्हा मी कोणाची लेक होते?" पुढच्या महिन्यात तिने पैसे घेतले.

दादा परत आला तो २०१६ साली, बाबांच्या शेवटच्या दुखण्यात. दवाखान्यात माझे जोडीदार आणि तो आळीपाळीने रात्री बसायचे. दोघांत फार बोलणं झालं असं नाही. पण बाबा गेले तेव्हा खांदा दोघांनीही दिला, आणि वस्तीने ते पाहिलं. आजही काही नातेवाईक आमच्या घरी येत नाहीत. सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही.

मग करायचं काय? मी केलेल्या चार गोष्टी सांगते.

पहिली, घरी आकडे सांगा. आपण पगार लपवतो आणि मग घरच्यांना वाटतं पोराकडे खूप आहे. बाबांच्या नंतर आम्ही एका दिवाळीला सगळे बसलो आणि वहीत लिहिलं. माझा पगार, माझं भाडं, हप्ते, दादाची कमाई, मायचं औषधपाणी. दर महिन्याची रक्कम ठरवली आणि दुखण्याखुपण्यासाठी वेगळं खातं काढलं. मागणं कमी झालं असं नाही, पण मागण्यातली लाज आणि देण्यातली चिडचिड गेली.

दुसरी, तुमच्या पगाराची चार कामं हळूहळू दुसरीकडे सोपवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत किंवा आयुष्मान भारतमध्ये घरच्यांची नावं आहेत का, हे सुट्टीत स्वतः जाऊन बघा. घरात आयकर न भरणारं अठरा ते चाळीस वयाचं कोणी असेल, तर अटल पेन्शनची चौकशी करा. दादाचं खातं आम्ही तो तेहतीस वर्षांचा असताना नात्यातल्या एकाच्या हातून उघडून घेतलं होतं, तेव्हा आमचं बोलणं बंद होतं तरी. साठीनंतर त्याला पाच हजार मिळतील. फार नाहीत. पण त्याच्या पोरींच्या पहिल्या पगारावर तेवढा भार कमी येईल.

तिसरी, ज्याची शाळा सुटली त्याचं देणं साडी-मोबाइलने फिटत नाही. ते शिक्षणानेच फिटतं, त्याच्या नाहीतर त्याच्या लेकरांच्या. माझी वहिनी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. झाली. जिच्या लग्नाची दादाला काळजी होती, ती थोरली पोर आता नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. तिच्या लग्नाचा विषय सध्या घरात निघत नाही. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या आयाबायांना हेच सांगितलं होतं की लेकरं पायावर उभी राहीपर्यंत लग्न त्यांच्यावर लादू नका, आणि बायकोने नवऱ्याची दासी न होता बरोबरीची मैत्रीण व्हावं.

चौथी गोष्ट सांगायला अवघड आहे. परिस्थितीचा दाब समजून घ्या, पण मारहाण समजून घेऊ नका. घरात कोंडत असतील, हात उचलत असतील, पगाराचं कार्ड काढून घेत असतील, तर बाहेर पडा. कोणाच्याही त्यागाचं कर्ज अंगावर मार खाऊन फेडायचं नसतं. अशा वेळी मैत्रीण, वकील, पोलीस, संघटना यांच्याकडे जाणं म्हणजे घराशी बेइमानी नव्हे.

आता पुढच्या महिन्यात तुमच्यापैकी बरेच जण सुट्टीला घरी जाल. जाताना मिठाई न्याच. पण रात्री जेवणं झाल्यावर घरच्यांना एक गोष्ट विचारा. मी शिकावं म्हणून कोणाकोणाचं काय काय थांबलं? माय सहजासहजी सांगणार नाही, दोनदा विचारावं लागेल. सांगितलेली नावं वहीत लिहून घ्या. मग त्यातल्या एका माणसाचं थांबलेलं काम या वर्षी परत सुरू करता येतं का, ते बघा.

जय भीम.